साडूची कॉफी

औरादच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारे संगमेश्वर सर आयुष्यात कधी कुणावर जळले नव्हते, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. समोरच्यानं दुमजली घर बांधलं, तरी ते जळले नाहीत. त्यांच्या मागून नोकरीला लागलेला मास्तर त्यांच्याआधी हेडमास्तर झाला, तेव्हा तीन दिवस त्यांना जेवण गेलं नाही, पण ते पित्तामुळे. मात्र गेल्या नागपंचमीला कलबुर्गीत साडूच्या बैठकीत बसलेले असताना सासऱ्यांच्या तोंडून त्यांनी ‘वा!’ असा उद्गार ऐकला, आणि छातीत डाव्या बाजूला जे काही झालं त्याला पित्त म्हणणं त्यांनाही जमलं नाही.

हा ‘वा’ कॉफीला होता, आणि कॉफी साडूची होती.

सासरे म्हणजे चिंताकीचे माणिकप्पा. शेतकी खात्यात नोकरीला असताना अकरा वर्षं त्यांची कॉफीच्या मळ्यांच्या हासनकडे बदली झाली होती. तिकडून ते परत आले ते कॉफीची सवय घेऊन. आपल्या भागात चहावर माणसं जगतात. चिंताकीत कुणाकडे कॉफी मागितली तर ‘कामून? डोकं दुखायलंय का?’ असं विचारून बाम पुढे करतात. अशा मुलखात माणिकप्पांना थोरला जावई मिळाला तो फिल्टर कॉफी करणारा. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला संगमेश्वर सर स्टीलचा फिल्टर पिशवीत घालून सासुरवाडीला गेले आणि तेव्हापासून एकोणीस वर्षं ते खातं त्यांच्याकडेच होतं. दुसरे जावई सासऱ्यांना अंगठी करतात, तीर्थाला नेतात. सरांना त्यातलं काही जमलं नाही. पण नात्यागोत्यात ‘माणिकप्पाचा थोरला जावई कॉफी बाकी झ्याक करतो’ असं बोललं जाई आणि तेवढ्यावर सर ताठ मानेनं फिरत. कॉफी प्यायल्यावर माणिकप्पा दर वेळी ‘हं’ म्हणत. एकोणीस वर्षं फक्त ‘हं’. त्या ‘हं’मध्ये किती अर्थ भरलाय हे सर बायकोला समजावून सांगत आणि बायको, मल्लेश्वरी, तूर निवडत ऐकून घेई.

आणि इथे धाकटा साडू अमरेश, तुरीच्या डाळीचा व्यापारी, कपबशीएवढ्या मशीनचं एक बटन दाबतो काय, वर साबणासारखा फेस येतो काय, आणि सासरे ‘वा!’ म्हणतात काय!

“फेस होता तो नुसता,” परतीच्या बसमध्ये सर म्हणाले.

“चांगली होती की,” मल्लेश्वरी म्हणाली. “मी दोनदा घेतली.”

सर भालकीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

डिसेंबरात अमरेशचा फोन आला. माणिकप्पांना पंचाहत्तर पूर्ण होत होती. शाळेच्या दाखल्यावर त्यांच्या वयाच्या सगळ्या माणसांसारखी एक जून हीच जन्मतारीख होती, पण त्यांची आई सांगायची की हा पोरगा वेळ अमावस्येच्या, म्हणजे मार्गशीर्षात शेतात जाऊन जेवायच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी, आंबिलीचं मडकं रिकामं व्हायच्या आत झाला. तर अमरेशचं म्हणणं असं, की वेळ अमावस्या शेतात झाली की त्याच दिवशी संध्याकाळी तलावापलीकडच्या माळावर तंबू ठोकायचे. माणिकप्पा लहानपणी तिथे पहाटे काळवीट बघायला जात. ते त्यांना पुन्हा दाखवायचे. तंबू अमरेशचे, गाडी अमरेशची.

“आणि कॉफीची काळजी करू नका अण्णा,” अमरेश म्हणाला. “मी बॅटरीचा डबा घेतलाय. पॉवर स्टेशन म्हणतेत त्याला. जंगलात बी मशीन चालते.”

“सकाळची कॉफी मी करणार,” सर म्हणाले. हे वाक्य कुठून आलं ते त्यांनाही कळलं नाही.

“तुम्ही कामून तरास घ्यायलाव? मशीन हाय की.”

“एकोणीस वर्षं मीच करायलोय,” सर म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांनी फोनकडे असं बघितलं, की जणू त्यातून फेस येतोय.

तो माळ वन खात्याचा होता. परवानगी काढायचं काम सरांकडे आलं, कारण ते सरकारी कागद वाचू शकतात असा घरात समज होता. अर्जात ‘उद्देश’ या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे ‘सासऱ्यांचा वाढदिवस, काळवीट दर्शन व कॉफी’ असं लिहिलं. टेबलापलीकडच्या कारकुनानं ते दोनदा वाचलं.

“एन री सर, काय हो हे, कॉफी? कॉफी म्हणजे आग आली. माळ वाळलाय. आग चालत न्हाई.”

“आग नाही. गरम पेय आहे,” सर म्हणाले.

“गरम कशानं होणार?”

“करंटनं.”

“तिथं खांब न्हाई, तार न्हाई. करंट कुठला?”

“बॅटरी.”

कारकुनाला असा अर्ज नोकरीत पहिल्यांदाच आला होता, त्यामुळे त्याला उत्साह आला. त्यानं बॅटरीचा तपशील वेगळ्या कागदावर मागितला. किती व्होल्टची, कुणाच्या मालकीची. सर दुसऱ्या दिवशी तपशील घेऊन गेले तर साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी साहेब होते, पण कारकून लग्नाला गेला होता आणि कागद त्याच्या कपाटात होता. चौथ्या दिवशी परवानगी मिळाली. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘काडेपेटी, गॅस, स्टोव्ह, चूल यांस सक्त मनाई. कॉफी बॅटरीवर करावी.’ कॉफीबद्दल सरकारनं लेखी हुकूम काढल्याचं हे राज्यातलं बहुधा एकमेव उदाहरण असावं. आणि बॅटरीच्या मालकाचं नाव म्हणून खाली सरांचं नाव होतं. आता माघार घेता येणार नव्हती.

सरांकडे बॅटरी होती ती घरच्या इन्व्हर्टरची. पाच वर्षं जुनी, न्हाणीघराच्या बाजूला स्टुलावर बसलेली, आणि म्हशीच्या रेडकाएवढी जड. शेजारचे अंकुशराव वीज कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. कुठे स्क्रू फिरल्याचा आवाज आला की ते बनियनवर हजर होत.

“सर, काय करायलाव?”

सरांनी सांगितलं.

“अमरेशच्या डब्यावर कामून करत न्हाईत मग कॉफी?”

सरांनी पाना शोधायला सुरुवात केली. अंकुशरावांनी उभ्या उभ्या सल्ले दिले. पहिला सल्ला, ट्रॅक्टरची बॅटरी न्या. दुसरा, कॉफीच नेऊ नका. तिसरा, घरातली मोठी किटली या इन्व्हर्टरवर लावू नका, ओरडेल. सरांनी तिसरा सल्ला शिकलेल्या माणसाच्या नजरेनं ऐकला आणि मोठी किटली लावली. इन्व्हर्टर ओरडला. असा ओरडला, की समोरच्या दुमजली घराच्या दोन्ही मजल्यांवरून माणसं डोकावली.

“मी दहावीला विद्युतशक्ती शिकवतो,” सर म्हणाले.

“व्हय की,” अंकुशराव म्हणाले. “पण पोरं ओरडत न्हाईत, हे ओरडतंय.”

मग प्रवासात नेतात तसली छोटी किटली आली. कागदावर आकडेमोड झाली. गच्चीवर रंगीत तालीम झाली. बारा मिनिटांनी पाणी उकळलं, डिकॉक्शन उतरलं, अंकुशरावांनी कॉफी पिऊन ‘औषधासारखी लागायलीय, पण चांगल्या औषधासारखी’ असा अभिप्राय दिला. बॅटरी उचलताना ॲसिडचे चार थेंब सरांच्या नव्या पँटवर पडून गुडघ्याजवळ चार भोकं पडली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त एक चित्र होतं. पहाट झालीय, अमरेशचा डबा बंद पडलाय, आणि सगळे वळून आपल्याकडे बघताहेत. काळवीटसुद्धा.

वेळ अमावस्येच्या दिवशी दुपारी चिंताकीच्या शेतात पाचजणांनी पोटभर जेवण केलं: पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. माणिकप्पांच्या दोन मुली, दोन जावई आणि ते स्वतः. चार वाजता अमरेशची मोठी गाडी तलावाच्या बांधापर्यंत गेली. सर आणि त्यांची बॅटरी मागून टमटममध्ये आले, कारण अमरेशनं ‘गाडीत ठेवा की अण्णा’ म्हटल्यावर ‘ॲसिड सांडेल’ असं सांगून सरांनी नकार दिला होता. खरं कारण वेगळं होतं. साडूच्या गाडीत बसून साडूला हरवायला जाणं त्यांच्या स्वाभिमानाला झेपलं नाही.

बांधापासून माळ अर्धा मैल. अमरेशनं आपला डबा वरच्या मुठीला धरून उचलला, जेवणाचा डबा उचलतात तसा, आणि फोनवर तुरीचा भाव विचारत चालू लागला. सरांची बॅटरी दोरीनं बांबूला टांगून एका बाजूला सर आणि दुसऱ्या बाजूला वनरक्षक बालाजी, अशी निघाली. बालाजी पंचेचाळिशीचा, मिशीवाला, कागदावरची लाल शाई बघून आधीच आदरानं वागणारा.

“सर, ह्यात येवढं काय हाय?” वाटेत खांदा बदलताना त्यानं विचारलं.

“कॉफी,” सर धापा टाकत म्हणाले.

तंबू तीन लागले. एक माणिकप्पांना, एकेक दोन्ही जोडप्यांना. अंकुशरावांनी बजावलं होतं की बॅटरीजवळ झोपू नका, वास येतो. म्हणून सरांनी ती बाभळीखाली ठेवली, वर इन्व्हर्टर ठेवला आणि दोन्हीवर जाड गोधडी टाकली. अमरेशनं आपला डबा तंबूच्या तोंडाशी स्टुलावर ठेवला. त्यावर हिरव्या आकड्यांत १०० असं लिहून आलं. मग अमरेशनं दिव्यांची माळ लावली. गाणी लावली. सगळ्यांचे फोन लावले. आकडा उतरू लागला तसा सरांचा चेहरा उजळू लागला. दर दहा मिनिटांनी ते कशाच्या तरी निमित्तानं स्टुलाजवळून फेरी मारत. ब्याऐंशी. त्र्याहत्तर. सहासष्ट. इतक्या प्रेमानं त्यांनी स्वतःच्या मुलीच्या परीक्षेचे आकडेही कधी बघितले नव्हते.

“संगमेश,” माणिकप्पा म्हणाले, “माझा फोन तेवढा लावा की तुमच्या बॅटरीला. अमरेशच्या डब्याला आता भोकच उरलं न्हाई.”

आता फोन कितीशी वीज पितो? दहावीतला पोरगाही सांगेल. पण सरांना त्या क्षणी आपल्या बॅटरीतला एकेक थेंब दिसत होता. “मामा,” ते म्हणाले, “माझ्या बॅटरीला फोनची पिन बसत नाही.”

मल्लेश्वरीनं नवऱ्याकडे बघितलं. घरी रोज तिचा फोन त्याच इन्व्हर्टरवर लागायचा. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात अमरेशनं स्वतःचा फोन काढून माणिकप्पांचा लावला.

“घ्या मामा. माझं काय, तुरीचा भाव उद्या बी तेवढाच असतोय.”

“तुमचं मन मोठं हाय, अमरेश,” माणिकप्पा म्हणाले. सरांनी आकाशाकडे बघितलं.

संध्याकाळची कॉफी अमरेशच्या मशीनची झाली. सहासष्टचे अठ्ठेचाळीस झाले. कप हातात घेऊन माणिकप्पा माळाकडे बघत म्हणाले, “हितं, असल्या ठिकाणी, अशी कॉफी! वा!” सरांनी आपला कप बाभळीच्या मुळाशी ओतला. बाभळीला तरी काय आवडणार ती, असं त्यांना वाटलं.

सात वाजता सगळे जेवायला बसले. कडक भाकरी, शेंगाचटणी, दुपारची थंड भज्जी. थंडी पडायला लागली होती. अमरेशनं शेवटचं अस्त्र तेव्हाच बाहेर काढलं. विजेवर गरम होणारी चादर. “मामांसाठी मागवली. एक तासाचा टायमर लावतो. झोपताना डब्यावरचं बटन दाबलं की झोप लागेपर्यंत ऊब, मग बंद. सकाळी कॉफीपुरती वीज राहते.” त्यानं चादर माणिकप्पांच्या तंबूत अंथरली, वायर डब्याला जोडली आणि चादरीचं छोटं यंत्र, बटनं आणि टायमरसकट, स्टुलाखाली टांगलं.

सासऱ्यांसाठी चादर! सरांना भाकरी गिळेना. एकोणीस वर्षांत त्यांना हे का सुचलं नाही? आणि आज चादर, वर उद्या परत मशीन, परत फेस, परत ‘वा’! हात धुवायला उठल्यासारखं करून ते अमरेशच्या तंबूकडे गेले. आसपास कुणी नव्हतं. स्टुलाखालचं यंत्र त्यांनी हातात घेतलं. बटन एकवर होतं, ते तीनवर केलं. टायमर एक तासावर होता, तो बारा तासांवर नेला. मग नीट होतं तसं टांगून ते परत आले आणि त्यांनी आणखी अर्धी भाकरी खाल्ली.

हे पाप आहे का, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी स्वतःलाच उत्तर दिलं, की म्हाताऱ्या माणसाला ऊब देणं हे पाप होऊच शकत नाही.

त्यानंतर माणिकप्पांना घेऊन ते तलावाच्या काठावर चक्कर मारायला गेले. सासऱ्यांनी त्यांना काळविटांच्या वाटा दाखवल्या, हासनच्या पावसाच्या गोष्टी सांगितल्या. सर मन लावून ऐकत होते. आजचा दिवस अमरेशचा असेल, उद्याची सकाळ आपली, अशा शांत आनंदात नऊच्या सुमाराला सगळे आपापल्या तंबूत शिरले.

सकाळी साडेसहाला पूर्वेला नुकतं तांबडं फुटलं होतं. सर उठले तेव्हा अमरेश आधीच स्टुलापाशी उकिडवा बसलेला होता. त्याच्या हातात मशीन होतं. मशीनचा दिवा एकदा लुकलुकला, दोनदा लुकलुकला आणि गेला. डब्यावरचा आकडाही गेला.

“काय झालं हो, अमरेशराव?” सरांनी विचारलं. आवाजात जेवढी काळजी घालता आली तेवढी घातली.

“संपला,” अमरेश म्हणाला. “कसं काय संपला? मी तर...” आणि तो मधेच थांबला.

“असू द्या. मशीनचं असंच असतं,” सर म्हणाले. “मी हाय की.”

अमरेशची बायको सुधारानी डोळे चोळत तंबूबाहेर आली. मल्लेश्वरीही आली. सगळे वळून सरांकडे बघत होते, अगदी गच्चीवर ठरवल्यासारखे. सर बाभळीपाशी गेले. किटलीत पाणी ओतलं. फिल्टरमध्ये पूड दाबली. मग नाटकातला पडदा उचलावा तशी गोधडी उचलली आणि इन्व्हर्टरचं बटन दाबायला हात पुढे केला.

बटन आधीच दाबलेलं होतं. दिवा मात्र लागलेला नव्हता. इन्व्हर्टर गार पडला होता. आणि त्याच्या पाठीमागून एक काळी वायर निघाली होती, जी सरांनी लावलेली नव्हती.

सर वायरीमागे चालू लागले. वायर गवतातून गेली, एका दगडाला वळसा घालून गेली, आणि अमरेशच्या डब्यात शिरली. त्याच वेळी अमरेश दुसरी वायर हातात धरून, डब्यापासून चादरीच्या यंत्रापर्यंत आला होता. यंत्रावर तीन आणि बारा हे आकडे होते. दोघं स्टुलाच्या दोन बाजूंना उकिडवे बसले आणि त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

“चादर तीनवर कुणी केली?” अमरेश हळूच म्हणाला.

“ही वायर कुणी लावली?” सर त्याहून हळू म्हणाले.

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला पुढचं कुणी सांगावं लागत नाही. काल सर सासऱ्यांना घेऊन तलावावर गेले तेव्हा अमरेशनं अठ्ठेचाळीस हा आकडा बघितला आणि तो घाबरला. उद्या आपली कॉफी झाली नाही तर थोरला साडू बाजी मारणार. म्हणून त्यानं गोधडीखाली हात घालून सरांच्या बॅटरीला आपला डबा लावला. रात्रभर सरांची बॅटरी डब्याला पाजत राहिली आणि सरांनी मोकळी सोडलेली चादर डब्याला पीत राहिली. न्हाणीघरातून टमटमनं, टमटममधून बांबूवर, दोन माणसांच्या खांद्यावरून आणलेली सगळी वीज सासऱ्यांच्या पाठीखाली गेली होती.

कुणाला ओरडायची सोय नव्हती. एकानं तोंड उघडलं असतं तर दुसऱ्यानंही उघडलं असतं. नेमके त्याच वेळी माणिकप्पा बाहेर आले. चेहरा तुळतुळीत, गालांवर लाली. पंचाहत्तर वर्षांचा माणूस साठीचा दिसत होता.

“हासन सोडल्यापासून अशी झोप लागली न्हाई बघा,” ते म्हणाले. “गुडघे दुखले न्हाईत, काय न्हाई. पाचच्या पुढं जरा गार लागलं तेवढंच. कुणाची करामत म्हणायची ही?”

मल्लेश्वरी वायरींकडे बघत होती. एक वायर, दुसरी वायर, स्टूल, गोधडी. तिचे ओठ हलायला लागले. सरांना वाटलं, आता सगळं बाहेर येणार.

“दोघांची, अप्पा,” ती म्हणाली. “रात्रभर दोघांनी मिळून तुम्हाला ऊब दिली. एकट्याला जमलंच नसतं.” आणि तोंडाला पदर लावून ती तंबूमागे गेली. तिथून तिच्या आणि सुधारानीच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

“आता कॉफी,” माणिकप्पा घड्याळ बघत म्हणाले. सातला कॉफी मिळाली नाही की त्यांचं डोकं धरतं, हे दोन्ही जावयांना माहीत होतं. फक्त त्यांना द्यायला गरम पाणी नव्हतं, आणि सरकारी हुकमानं आग नव्हती.

बालाजी पहाटेच्या फेरीवर आला तेव्हा दोघं साडू मेलेल्या बॅटरीच्या दोन बाजूंना, मयताला बसतात तसे बसलेले होते. त्यानं विचारपूस केली. मग काठीनं दाखवत म्हणाला, “त्या पांढऱ्या दगडापर्यंत माझं जंगल. दगडाच्या पलीकडं चांगुणाबाईचा आखाडा, शेतातलं खोपटं. तिथं चूल हाय, शेळ्या हाईत. तिथं तुम्ही कॉफी करा न्हाईतर बुंदी पाडा, माझं काय जात न्हाई.”

सर फिल्टर घेऊन उठले. अमरेश कॉफीचा पुडा घेऊन उठला. कुणी कुणाला चला म्हणालं नाही, पण दोघं बरोबरच निघाले.

चांगुणाबाई शेळीची धार काढत होती. दोन पँटवाली माणसं, एकाच्या गुडघ्याला भोकं, दुसऱ्याच्या डोक्याला कानटोपी, हातात चकचकीत भांडी, हे बघून ती म्हणाली, “काय रं बाबांनो, लगीन हाय का कुणाचं?”

“सासऱ्यांना कॉफी करायचीय, मावशी,” अमरेश म्हणाला.

“एका म्हाताऱ्याच्या कॉफीला दोन जावई?” ती म्हणाली आणि भगुलं सरकवून दिलं.

अमरेशनं आयुष्यात चूल फुंकली नव्हती. तो फुंकायला गेला आणि राख तोंडावर घेऊन आला. सरांनी लाकडं सारखी करून दिली. “नाकानं नाही, तोंड गोल करून फुंका.” जाळ धरला. सरांनी डिकॉक्शन उतरवलं. अमरेशनं दूध दोन भांड्यांत वरखाली करून फेस काढला, कारण फेसाशिवाय त्याला राहवेना, आणि सरांनी पहिल्यांदाच त्या फेसाकडे बघून नाक मुरडलं नाही. साखर किती यावरून एकदा भांडण झालं. अमरेशनं थोडी चाखली, सरांनी थोडी चाखली.

“अण्णा,” अमरेश म्हणाला, “खरं सांगू का? माझ्या लग्नापासून आठ वर्षं मी ह्या घरात एकच ऐकायलोय. संगमेश अण्णाची कॉफी, संगमेश अण्णाची कॉफी. म्हणून मशीन घेतली मी.”

सरांनी चांगुणाबाईकडून फडकं मागून घेतलं आणि कॉफी गार होऊ नये म्हणून भगुल्याला चांगलं गुंडाळलं. एक कान सरांनी धरला, एक अमरेशनं. पांढरा दगड ओलांडून दोघं पावलात पाऊल टाकत आले, एक थेंब सांडू न देता.

माणिकप्पा काळवीट बघून बसले होते. सात काळवीट, त्यातलं एक एकदम काळं. डोळ्यांत पाणी होतं. कप त्यांच्या हातात दिला. वाफ वर चढली, माणिकप्पांनी वास घेतला, डोळे मिटले, कप ओठांपर्यंत नेला. दोन्ही जावई श्वास रोखून उभे होते.

तेवढ्यात माणिकप्पांच्या खिशातला फोन वाजला.

माणिकप्पांना एक मुलगाही होता, हे सांगायचं राहूनच गेलं. राहिलं ते अशामुळे, की त्याचं आतापर्यंत कुठे काम पडलं नव्हतं. लिंगराज त्याचं नाव, बेंगळुरूला असतो, संगणकात असतो, दोन वर्षांत गावी आला नव्हता. त्याचा व्हिडिओ आला होता, अकरा सेकंदांचा. त्यात तो कुठल्याशा चकचकीत हॉटेलात कप उंच करून म्हणत होता, “अप्पा, हॅपी बर्थडे! ही कॉफी तुमच्या नावानं!”

माणिकप्पांनी कप दगडावर ठेवला. व्हिडिओ परत लावला. मग सुधारानीला दाखवला. मग बालाजीला बोलावून दाखवला. “बघा, बघा. येवढ्या कामात असून बी बापाची आठवण हाय पोराला. माझ्या नावानं कॉफी प्यायलाय!” चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि व्हिडिओ चौथ्यांदा लावला. दगडावरच्या कॉफीवर साय धरली. एक मुंगी कपाच्या काठावर चढली.

“तारीख कशी काय लक्षात राहिली त्याच्या?” सर दबक्या आवाजात म्हणाले.

“सुधानं काल फोन करून सांगितलं,” अमरेश दातांवर दात ठेवून म्हणाला. “तीनदा केला, तवा उचलला.”

“दोन वर्षं आला नाही.”

“यायलाच न्हाई. आणि अण्णा, त्याच्या हातातली कॉफी बघितलाव का? पाणी हाय नुसतं. रंग तरी हाय का तिला?”

“पूडच नाही त्यात,” सर म्हणाले. “मी बघताक्षणी ओळखलं.”

नऊ वाजता तंबू उतरले आणि सगळे औरादला सरांच्या घरी निघाले. माणिकप्पा गाडीत पुढच्या सीटवर बसले, फोन कानाशी लावून. सुधारानीला गाडी येत होती, ती चालवायला बसली. टमटमवाला बांधावर येऊन थांबलेला होता. बॅटरी वर चढवून सर शेजारी बसले, तर दुसऱ्या बाजूनं अमरेश आपला रिकामा डबा घेऊन आत शिरला.

“तुम्ही कामून हिकडं? गाडी हाय की तुमची,” सर म्हणाले.

“त्या गाडीत आता औरादपर्यंत लिंगराजशिवाय दुसरं काय ऐकायला मिळणार न्हाई,” अमरेश म्हणाला. “सरका जरा.”

सर सरकले. टमटम निघाली. लिंगराजच्या लग्नात जेवण कसं कमी पडलं होतं, त्याला मराठी कशी नीट येत नाही, कन्नडही कशी नीट येत नाही, लहानपणी तो कसा रडका होता आणि मोठेपणी कसा टकला होत चाललाय, हे सगळं एकानं सांगावं आणि दुसऱ्यानं त्यात भर घालावी असं चाललं होतं. आठ वर्षांत दोघं साडू एकमेकांशी एवढं बोलले नव्हते. औराद कधी आलं ते टमटमवाल्यानं दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं.